टेकडी थांबली तेव्हा

विद्यापीठात ती नैसर्गिक आपत्ती हा विषय शिकवायची. पूर, दरडी, वणवे, खचणारी जमीन. उपग्रहांनी वरून टिपलेल्या चित्रांत ते आधीच कसं ओळखायचं आणि नकाशावर कसं मांडायचं, हे तिचं काम. विद्यार्थी तिला मॅडम म्हणत. घरी मात्र ती बारकी होती. केस पांढरे व्हायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी दादा आणि वहिनीच्या लेखी बारकीच.

ती लहान असतानाच वडील गेले. दादानं शाळा सोडून रंधा हातात घेतला आणि तिची शाळा सुटू दिली नाही. वहिनी घरात आली तेव्हा बारकी दोन वेण्या घालून शाळेत जायची. पुढे त्या वेण्या वहिनीच घालायची, आणि अशा घट्ट की डोळे ताणले जायचे. दादा-वहिनीला एकच मुलगी, ती लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. त्यानंतर घरात दोघंच. बारकी सुट्टीला यायची, तेव्हा तिघं.

घर टेकडीच्या उतारावर, वरच्या गल्लीत होतं. खाली दादाचं वर्कशॉप, वर दोन खोल्या. गल्ली इतकी अरुंद की समोरचा शिंपी मशीनवरून न उठता दादाशी दिवसभर गप्पा मारायचा. कुणाच्या घरात काय शिजतंय आणि कोण कुणावर रुसलंय, हे गल्लीत सांगावं लागत नसे.

दरवर्षी ती विद्यार्थ्यांना सरावासाठी एखादा भाग द्यायची. त्या वर्षी तिनं आपलंच गाव दिलं. त्यात मनात काही नव्हतं. तिथली पायरी न् पायरी तिला ठाऊक होती, मुलांच्या चुका पटकन सापडल्या असत्या, एवढंच. रडारचा उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच जागेवरून जातो, खाली लहरी सोडतो आणि त्या परत येताना काय फरक पडला ते टिपतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये जमीन जराशी जरी हलली तरी ते ओळखता येतं. झाडीवर हे नीट जमत नाही. घरांचे पत्रे, भिंती, उघडा कातळ यांवरून मात्र लहर खणखणीत परत येते. अशा ठिपक्यांना रंग देत मुलांनी नकाशा केला. सगळं गाव हिरवं आलं. टेकडीवर वरच्या गल्लीच्या अंगाला तेवढा एक लाल डाग होता.

तिनं सांगितलं, काहीतरी चुकलंय, पुन्हा करा. पुन्हा केलं, लालच. मग उलट्या दिशेनं जाणाऱ्या फेऱ्यांची चित्रं घेऊन तिनं स्वतः केलं. डाग हलला नाही. उलट त्याच्या कडा स्पष्ट झाल्या. नकाशा करणाऱ्या गटातल्या एका मुलीला मार्कांची काळजी होती. तिनं विचारलं, "मॅडम, बरोबर आलंय ना?"

"बरोबर आलंय," ती म्हणाली, आणि त्याच आठवड्यात घरी गेली.

दादा एक दरवाजा आडवा टाकून रंधत होता. तिला बघून खूश झाला. गल्लीत सगळ्यांचे दरवाजे अडायला लागलेत, म्हणाला. हवा दमट झालीय, लाकूड फुगतंय, रंधून दिलं तरी काही महिन्यांनी पुन्हा अडतं, आणि शिंपी म्हणतो मिस्त्रीच आतून काहीतरी करतोय. बारकीनं चौकटीच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. लाकूड फुगलेलं नव्हतं. चौकट तिरकी होत होती. तिनं बाकड्यावरचा भुसा हातानं लोटला आणि लॅपटॉप उघडला. दादानं हात पुसले, चष्मा लावला.

"हे लाल काय?"

"सरकतोय तो भाग."

"किती?"

"वर्षाला बोटाच्या जाडीएवढा."

दादा हसला. "एवढं तर माणूस झोपेत सरकतो."

"माणूस जागा होऊन थांबतो, दादा. हा उतार एकदा सुटला की कुणाचं ऐकणार नाही."

"सुटेल कधी?"

"ते सांगता येत नाही. पुढच्या मोठ्या पावसात, नाहीतर आपण सगळे गेल्यावर. कदाचित सुटणारही नाही."

दादा चित्रावर आणखी वाकला. वरून आपलं घर त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, "तू इथं राहत असतीस तर काय केलं असतंस?"

"मी इथून उठले असते."

"मग उठू," तो म्हणाला. आणि दरवाजावाला संध्याकाळी यायचा होता म्हणून त्यानं आधी तो दरवाजा पुरा केला, मग वहिनीला खाली बोलावलं. वहिनीनं सगळं ऐकलं. एकदा वर छताकडे बघितलं, एकदा बारकीकडे, आणि चहा टाकायला गेली.

अहवाल प्रशासनाकडे गेला. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. बारकीनं पडद्यावर नकाशा दाखवला, जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण ती त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली होती. शिंपी तेवढा म्हणाला, दुरून डोंगर साजरे असं ऐकत आलो, दुरून डोंगर धोक्याचे हे आजच कळलं. हॉल हसला. तीही हसली. घरं सोडावीत अशी विनंती आहे, सक्ती नाही, असं अधिकाऱ्यांनी जाहीर केलं आणि सभा संपली.

दादा उठला नसता तर कुणीच उठलं नसतं. त्यानं दुसऱ्याच महिन्यात वर्कशॉपवरची पाटी काढली. गल्लीनं ते बघितलं आणि सगळ्यांनी एकच विचार केला, की सख्ख्या भावाला कोण उगाच घराबाहेर काढेल. आधी शिंपी तयार झाला, मग टोकाच्या घरातल्या रिटायर बाई, मग एकाचं बघून दुसरा. वर्षभरात वरची गल्ली रिकामी झाली. बारकीच्या विभागात याचं कौतुक झालं. धोका वेळेत ओळखला, लोकांनी ऐकलं, एकही माणूस दगावला नाही. असं उदाहरण शिकवायला क्वचित मिळतं, असं तिचे सहकारी म्हणत.

प्रशासनानं दिलेल्या नवीन इमारती मालधक्क्याच्या पलीकडे, सपाट जागेवर होत्या. घरं सोडत काढून वाटली, त्यामुळे शेजारी शेजारी राहिले नाहीत. शिंपी एका इमारतीत, रिटायर बाई दुसऱ्या, दादा तिसऱ्या मजल्यावर तिसरीकडेच. आवाजाची यंत्रं चालवायची नाहीत असा नियम होता. दादाचं बाकडं लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना. तरुणपणी त्यानं ते स्वतःच्या हातानं बनवलं होतं, एकही खिळा न वापरता. ते त्यानं खाली आवारातच मधोमध कापलं आणि दोन तुकडे करून वर नेलं. तुकडे बाल्कनीत ठेवले. पुढे वहिनीनं त्यांवर कुंड्या मांडल्या.

रिटायर बाई पहिल्याच थंडीत गेल्या. वय झालं होतं, पण लोक म्हणाले, त्या घर सोडल्यानं गेल्या. शिंप्याची गिऱ्हाइकं म्हणजे रस्त्यानं येणारी-जाणारी माणसं. बाही आखूड करून घ्यायला मजले कोण चढतंय? तो दार उघडं टाकून मशीनवर बसायचा आणि लिफ्टकडे बघत राहायचा.

आणि टेकडी काही पडली नाही.

पहिल्या वर्षी लोक दादाला थट्टेनं विचारायचे, काय मिस्त्री, आली का खाली? दादा म्हणायचा, निघालीय, वाटेत आहे. दुसऱ्या वर्षी थट्टा राहिली पण हसू गेलं. तुमच्या बहिणीनं डोंगर पोखरला, उंदीरसुद्धा निघाला नाही, असं कुणीतरी त्याच्या तोंडावर म्हणालं. पुढे माणसं आवारात त्याला बघून बोलणं थांबवायला लागली. दादानं यातलं अक्षरही बहिणीला कळू दिलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तिला सांगितलं ते वहिनीनं, एकदा फोनवर, स्वयंपाकाचं काहीतरी बोलता बोलता, जणू हवामान सांगावं तसं.

एका वर्षी फार मोठा पाऊस झाला. नवीन इमारतींच्या गच्चीवर लोक छत्र्या घेऊन उभे राहिले आणि लांबच्या टेकडीकडे बघत राहिले. बारकी विद्यापीठात संगणकासमोर उपग्रहाच्या पुढच्या फेरीची वाट बघत होती. पाण्यानं टेकडी फुगली होती, वेग वाढला होता, पण उतार जागेवर होता. सुटकेचा श्वास टाकताना तिच्या मनाच्या तळाशी आणखी एक काहीतरी हललं. पडली असती, तर निदान दादाला मान वर करून फिरता आलं असतं. रिकामीच तर होती घरं. हा विचार आपल्याला आला याची तिला इतकी शरम वाटली की त्या दिवशी तिनं तास घेतला नाही.

त्यानंतर टेकडी मंदावली. आधी तिला वाटलं पाऊस कमी झालाय म्हणून. पण फेरीमागून फेरी तेच. लाल ठिपके केशरी झाले, केशरी पिवळे झाले, आणि एका हिवाळ्यात बहुतेक सगळे हिरवे आले. का, ते तिला नक्की सांगता येईना. टेकडीच्या पोटातल्या पाण्यानं नवी वाट शोधली असेल, किंवा सरकणारा भाग खाली एखाद्या कातळाला टेकला असेल. कधीकधी असं होतं, पुस्तकांत त्याची उदाहरणं आहेत. सहकारी म्हणाले, चांगलीच बातमी आहे की. ती हो म्हणाली.

तोवर दादा आजारी पडला होता. आयुष्यभर ओढलेला लाकडाचा भुसा छातीत बसला होता. खोकला थांबत नव्हता, जिना सुटला, मग आवार सुटलं, मग खोलीतली खिडकी तेवढी राहिली. बारकी शनिवार-रविवार यायला लागली. टेकडीचं त्याला सांगावं की नाही यावर ती कितीतरी आठवडे स्वतःशी भांडली. एका दुपारी वहिनी औषध आणायला खाली गेली असताना तिनं सांगून टाकलं. लपवलं असतं तर त्याच्या नजरेला नजर देता आली नसती.

दादानं चष्मा मागितला. तिनं लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला आणि आधीचं चित्र, आताचं चित्र, दोन्ही दाखवली. त्यानं एका जागी बोट ठेवलं.

"हा चमकणारा ठिपका कसला?"

"आपल्या वर्कशॉपचा पत्रा. रडारला तो सगळ्यात चांगला दिसतो. मी बहुतेक सगळं त्याच्यावरूनच मोजते."

"म्हणजे मी घरी बसलो तरी पत्रा कामावर आहे." तो हसला, हसण्याचा खोकला झाला, तिनं पाठ चोळली. श्वास जागेवर आल्यावर त्यानं विचारलं, "मग परत जाता येईल?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं.

"नाही, दादा. ती थांबलीय, पण का थांबलीय ते मला कळलेलं नाही. ती पुन्हा चालू लागणार नाही असं मी कुणाला सांगू शकत नाही."

"बसलीय म्हणजे. दम खात. माझ्यासारखी."

दादानं लॅपटॉप हळूच बंद केला, एखाद्या पेटीचं झाकण लावावं तसा.

"लोकांना सांगणार ना?"

"सांगावं लागेल. लपवता येणार नाही."

"मी असेपर्यंत सांग. म्हणजे मला तुझ्या शेजारी बसता येईल. तुझ्या शब्दावर मी उठलो, माझ्याकडे बघून ते उठले. तू एकटीनं ऐकून घ्यायचं कारण नाही."

तिनं लगेच प्रशासनाला कळवलं, सभेची तारीख मागितली. तारीख लवकर मिळाली नाही. हॉल मोकळा नव्हता, अधिकारी बदलले होते, नव्या अधिकाऱ्यांना आधी सगळं समजून घ्यायचं होतं. सभेच्या आदल्या आठवड्यात, सकाळी, वहिनी खिडकीचा पडदा सरकवत असताना दादा गेला. आवाजसुद्धा झाला नाही. वहिनी त्याच्याशी बोलत होती आणि आपण एकटेच बोलतोय हे तिला थोडं उशिरा कळलं.

गल्लीतली सगळी माणसं आली. वेगवेगळ्या इमारतींत पांगल्यापासून ती पहिल्यांदाच एका ठिकाणी जमली होती. शिंप्यानं खांदा दिला. बारकीशी तो बोलला नाही, पण पाणी आणून दिलं.

सभा पुढे ढकलू या, असं अधिकारी म्हणाले. बारकीनं नको म्हटलं. लोक आशेवर राहतील, कुणीतरी अर्धवट ऐकून परत राहायला जाईल, त्यापेक्षा झालेलं बरं. त्याच शाळेच्या हॉलमध्ये ती पुन्हा उभी राहिली. हिरवा झालेला नकाशा दाखवला. उतार सध्या थांबला आहे, असं सांगितलं, आणि परत जाणं सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही, हेही सांगितलं. सुरुवातीला कुणाला अर्थ लागेना. मग एकदम सगळे बोलायला लागले. शिंपी उभा राहिला. या वेळी त्यानं विनोद केला नाही. पडणार म्हणून उठवलंत, आता थांबली म्हणता आणि तरी जायचं नाही म्हणता, तर मग आमचं हे सगळं गेलं ते कशापायी, एवढंच त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खाली बसला.

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा मागच्या रांगेत वहिनी उभी राहिली. ती आलीय हेच बारकीला माहीत नव्हतं.

"मला एकच सांग," वहिनी म्हणाली. "आम्ही तिथंच राहिलो असतो, तर ते आज असते का?"

बारकीला उत्तरं बरीच येत होती. धोका म्हणजे काय, शक्यता म्हणजे काय, न घडलेल्या गोष्टीचा हिशेब का मांडता येत नाही, हे ती दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवायची. आजार मुळात भुशाचा होता, हेही खरं होतं. यातलं काहीही तिच्या तोंडून निघालं नाही.

"माहीत नाही, वहिनी," ती म्हणाली.

वहिनीनं मान हलवली, पिशवी उचलली आणि ती दरवाजातून बाहेर गेली. तिच्यामागे एकेक करत बाकीचेही गेले.

त्या उन्हाळ्यात दोन-तीन कुटुंबं गुपचूप जुन्या घरांत राहायला गेली. प्रशासनाला कळलं, आणि मग त्यांनी वरची गल्ली पाडायचंच ठरवलं. बारकीनं लेखी हरकत घेतली नाही. घेऊन काय लिहिणार होती, पत्र्यावरून मोजते म्हणून घरं ठेवा? पाडकाम झाल्यावरच्या पहिल्या फेरीत तो भाग काळा आला. लहर परत पाठवायला तिथं काही उरलंच नव्हतं. टेकडी हलतेय की थांबलीय, हे आता तिलाही वरून दिसणार नव्हतं. उतारावर नवीन खांब रोवून मोजायला सुरुवात करावी लागली, आणि ते काम तिनं विद्यार्थ्यांना घेऊन केलं. काम चालू असताना एकानं विचारलं, मॅडम, तुम्ही इथल्याच ना? ती हो म्हणाली आणि त्याला पट्टी सरळ धरायला सांगितलं.

वहिनीच्या मुलीनं आईला आपल्याकडे चल म्हटलं होतं. वहिनी तयार नव्हती. या घरात निदान त्यांचे शेवटचे दिवस गेले, म्हणाली. सभेनंतर बारकी काही दिवस तिच्याकडे गेली नाही. कुठल्या तोंडानं जाणार? मग एका रविवारी न कळवता गेली. वहिनी दादाचे कपडे आवरत बसली होती. बारकी समोर बसली आणि घड्या घालायला लागली. दादाच्या एका शर्टाच्या खिशात सुताराची चपटी पेन्सिल निघाली. वहिनीनं ती हातात घेतली, फिरवून बघितली आणि परत खिशात ठेवून शर्टाची घडी घातली.

"तू खरं तेच सांगितलंस, मला कळतं," ती म्हणाली. "ते सारखं तेच म्हणायचे. पण मला राग नाही असं मी म्हणणार नाही, बारके. राग आहे. जाईल असंही वाटत नाही."

"बरोबर आहे."

"बरोबर-बिरोबर राहू दे." वहिनीनं पुढचा ढीग तिच्याकडे सरकवला. "तू येत जा म्हणजे झालं. इथं मी बारकी म्हणून हाक मारावी असं दुसरं आहे तरी कोण?"

बारकीनं मान खाली घातली. डोळे भरून आले तेव्हा शर्टाची बटणं लावायला लागली, आणि वहिनीनं ते न बघितल्यासारखं केलं.

ती दर रविवारी जाते. कधी दोघी बोलतात, कधी नुसत्या बसतात. काही रविवारी वहिनी दार उघडून काही न बोलता आत निघून जाते, आणि त्या दिवशी राग वर आलाय हे बारकीला समजतं. ती तरीही आत जाते, चप्पल काढते, आणि स्वतःच चहा टाकते.